टाचणीची बेंबी

जादूगाराची सगळी हयात एका खटपटीत जाते: आपल्या हातचलाखीला लोकांनी चमत्कार म्हणावं. हॅरी हूडिनीच्या नशिबी मात्र उलटी खटपट आली. आपण करतो तो चमत्कार नव्हे, निव्वळ हातचलाखी आहे, हे एका माणसाला पटवता पटवता त्याच्या नाकी नऊ आले आणि तरीही ते पटलं नाही. तो माणूस अडाणी असता तर हूडिनीनं कपाळाला हात लावून विषय सोडला असता. पण समोर बसले होते सर आर्थर कॉनन डॉयल. शिक्षणानं डॉक्टर, आणि बुटावरच्या चिखलावरून माणूस कुठून आला ते सांगणाऱ्या शेरलॉक होम्सचे जन्मदाते.

गोष्ट १९२२ सालची, न्यूयॉर्कमधल्या हूडिनीच्या घरातली. साक्षीला हूडिनीचे वकील बर्नार्ड अर्न्स्ट. हूडिनीनं खोलीच्या मधोमध एक पाटी टांगली. बुचाचे गोळे डॉयलच्या हातात दिले, हवा तो कापून बघा म्हणाला. एक गोळा पांढऱ्या शाईत बुडवला. मग डॉयलना सांगितलं, घराबाहेर जा, वाटेल तितकं लांब जा, चिठ्ठीवर मनात येईल ते लिहा आणि चिठ्ठी खिशात घालून परत या. डॉयल गेले. बायबलमध्ये भिंतीवर आपोआप अक्षरं उमटल्याची एक गोष्ट आहे, तिच्यातले शब्द त्यांनी लिहिले आणि ते परत आले. हूडिनीनं गोळा पाटीला लावला. गोळा पाटीला चिकटला आणि एकेक अक्षर काढत फिरला. तेच शब्द!

डॉयल थक्क झाले. हूडिनीनं लगेच हात जोडले. ही युक्ती आहे, ती बसवायला मला पुष्कळ वेळ लागला, कशी केली ते धंद्याचं गुपित म्हणून सांगणार नाही, पण कृपा करून एवढं लक्षात ठेवा की उलगडा झाला नाही म्हणून कुठलीही गोष्ट लगेच दैवी ठरत नाही. अशा आशयाचं त्यानं परोपरीनं विनवलं. डॉयलनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे निष्कर्ष काढला की हूडिनीच्या अंगात खरोखरीची शक्ती आहे आणि बिचारा ती लपवतोय.

या युक्तिवादाला उत्तर नाही. हूडिनी ‘हो’ म्हणाला असता तर प्रश्नच मिटला होता; ‘नाही’ म्हणाला, तर तो लपवतोय हे सिद्ध झालं. कुलपं लावलेल्या पेटीतून हूडिनी बाहेर येतो तो शरीराचे अणू विखरून, आणि बाहेर आल्यावर ते परत गोळा करून, अशी डॉयलची बरीचशी खात्री होती. हूडिनी १९२६ मध्ये वारला. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या पुस्तकात डॉयलनी हे सगळं मांडलं. एरवी मेलेली माणसं हरकत घेत नाहीत असं म्हणून सोडता आलं असतं, पण डॉयलच्या हिशेबात मेलेली माणसं अखंड बोलत असत. हूडिनी तेवढा गप्प राहिला.

आता डॉयल काही देवभोळे गृहस्थ नव्हते. एडिंबरोच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना डॉ. जोसेफ बेल शिकवायला होते. रुग्ण दारातून आत येईपर्यंत त्याचा व्यवसाय, गाव आणि सवयी ओळखण्याबद्दल बेल प्रसिद्ध होते आणि होम्सचा नमुना तेच. पुढे डॉयलनी व्हिएन्नाला जाऊन डोळ्यांचा अभ्यास केला आणि लंडनमध्ये डोळ्यांचा दवाखाना थाटला. रोगी फारसे आले नाहीत, त्यामुळे लिहायला वेळ मिळाला. म्हणजे होम्सच्या भरभराटीत लंडनकरांच्या निरोगी डोळ्यांचाही वाटा आहे.

हे डोळ्यांचं शिक्षण एकदा फार मोलाचं ठरलं. मुंबईचे एक पारशी, शापूरजी एदलजी, ख्रिस्ती होऊन इंग्लंडात पाद्री झाले होते. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील. गावातल्या जनावरांना रात्री कोणीतरी भोसकत होतं. त्याचा आळ या सावळ्या पोरावर आला आणि १९०३ मध्ये त्याला सात वर्षांची सजा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कपाळावरचा कलंक कायम होता. १९०७ च्या सुरुवातीला डॉयल त्याला एका हॉटेलात भेटायला गेले. जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता, कागद नाकाशी आणि तोही तिरका धरून. डॉयलनी दुरूनच ताडलं. ज्याला टेबलापलीकडचं धड दिसत नाही तो काळोख्या रात्री शेतं, कुंपणं आणि रेल्वेचे रूळ ओलांडून घोड्याच्या पोटावर सुरी चालवायला जाईल? त्यांनी वर्तमानपत्रातून रान उठवलं. त्याच वर्षी जॉर्जला माफी मिळाली, आणि इंग्लंडात फौजदारी अपिलांचं न्यायालय स्थापन झालं त्यामागेही या प्रकरणाचा रेटा होता.

तेव्हा या माणसाच्या नजरेबद्दल आणि तर्कशक्तीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. हे आधी नीट मान्य करायचं आणि मग कॉटिंग्लीला जायचं.

कॉटिंग्ली हे यॉर्कशरमधलं, ब्रॅडफर्डजवळचं गाव. १९१७ च्या उन्हाळ्यात तिथं सोळा वर्षांची एल्सी राइट आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण, फ्रान्सिस ग्रिफिथ्स, घरामागच्या ओढ्यात खेळून कपडे भिजवून घरी येत. आया रागावत. ओढ्यावर कशाला जाता? पऱ्या बघायला! मोठी माणसं हसली. तेव्हा एल्सीनं वडिलांचा कॅमेरा मागून घेतला आणि थोड्या वेळात दोघी परत आल्या. काच धुतली तर फ्रान्सिसच्या हनुवटीखाली चार पऱ्या नाचत होत्या. पुढच्या फोटोत एल्सी एका फूटभर बुटक्याशी शेकहँड करत होती.

वडिलांनी फोटो बघितला आणि त्यांना संशय आला. मुलींच्या खोलीत कागदाचे कपटे मिळतात का ते त्यांनी शोधलं, ओढ्याकाठी चक्कर टाकली, काही सापडलं नाही. पण कॅमेरा मात्र पुन्हा दिला नाही. या संपूर्ण प्रकरणात शेरलॉक होम्ससारखं वागलेला हा एकमेव माणूस, आणि तो व्यवसायानं इलेक्ट्रिशियन होता.

गोष्ट तिथंच संपायची. पण एल्सीची आई १९१९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या ब्रॅडफर्डमधल्या व्याख्यानाला गेली आणि तिथं फोटोंचा विषय निघाला. सोसायटीचे एडवर्ड गार्डनर यांच्या हाती ते पडले आणि त्यांच्याकडून डॉयलकडे गेले. डॉयल त्याच सुमारास ‘स्ट्रँड’ मासिकासाठी पऱ्यांवर लेख लिहीत होते. लेखाला चित्रं हवीत आणि नेमके फोटो चालत यावेत, या योगायोगाला प्रत्येक मासिकाचा संपादक दैवी म्हणेल.

डॉयलनी तपास केला नाही असं मात्र नाही. तज्ज्ञांना विचारलं. एकानं सांगितलं, काचेत गडबड नाही. कोडॅकवाल्यांनी प्रमाणपत्र द्यायला नकार दिला. इलफर्डवाल्यांनी बनावटीची चिन्हं आहेत असं स्पष्ट कळवलं. तीन मतं तीन तऱ्हेची. माणूस अशा वेळी काय करतो? डॉयलनी पहिलं मत ठेवून घेतलं. सर ऑलिव्हर लॉज यांनाही फोटो दाखवले. लॉज हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. युद्धात पडलेल्या आपल्या मुलाशी, मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या माध्यमांमार्फत झालेल्या बोलण्यावर त्यांनी १९१६ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, आणि परलोकात सिगार आणि व्हिस्की-सोड्याची सोय आहे ही माहिती त्यात होती. त्या लॉजसाहेबांनी पऱ्यांचे फोटो पाहिले आणि खोटे म्हणून बाजूला सारले. प्रत्येकाचा चमत्काराचा कोटा ठरलेला असतो. दुसऱ्याच्या कोट्यातला माल त्याला भेसळीचा वाटतो.

कॉटिंग्लीला जाऊन बघावं, तर डॉयल ऑस्ट्रेलियाच्या व्याख्यानदौऱ्यावर निघालेले. होम्स भिंग घेऊन जमिनीवर पोटावर सरपटतो. त्याचे जन्मदाते बोटीवर चढले आणि गावी गार्डनर गेले. त्यांनी मुलींना नवे कॅमेरे आणि खुणा केलेल्या काचा दिल्या. मुलींनी एकच अट सांगितली: दुसरं कोणी बघत असलं तर पऱ्या येत नाहीत. अट मान्य झाली. आई बहिणीकडे चहाला गेली. पऱ्या आल्या.

‘स्ट्रँड’चा डिसेंबर १९२० चा अंक हातोहात संपला. १९२२ मध्ये डॉयलनी या विषयावर सबंध पुस्तक लिहिलं. मधल्या काळात लोकांनी शंका काढल्याच. पऱ्यांची केशरचना पॅरिसच्या ताज्या फॅशनची कशी? उत्तर हजर होतं. बुटक्याच्या पोटावर तो बारीक ठिपका कसला? डॉयलनी निरखून पाहिलं आणि निदान केलं: बेंबी. त्यावरून पऱ्यांमध्येही बाळंतपण होत असावं, असा वैद्यकीय निष्कर्षही निघाला.

ते हॅटला लावायच्या लांब टाचणीचं टोक होतं. १९८३ मध्ये, साठ-पासष्ट वर्षं तोंड दाबून बसलेल्या दोन्ही आजीबाईंनी ते कबूल केलं. पुठ्ठ्यावर चित्रं काढायची, कातरायची, टाचणीनं गवतात उभी करायची. नाचणाऱ्या पऱ्या एका छापील पुस्तकातून घेतल्या होत्या. ‘प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक’ हे ते पुस्तक, १९१४ साली मदतनिधीसाठी निघालेलं. नामवंत लेखकांनी त्यात गोष्टी दिल्या होत्या. त्यातला एक लेखक आर्थर कॉनन डॉयल.

होय, पऱ्या जिथून कापल्या त्याच पुस्तकात डॉयलची गोष्ट छापलेली होती. लेखक मंडळी ज्या अंकात आपलं छापून आलंय त्यातली बाकीची पानं उलटत नाहीत, हा संशय मराठी दिवाळी अंकांच्या संपादकांना जुनाच आहे. प्रस्तुत लेखकालाही शेजारच्या पानावर काय आहे ते बघायची सवय नाही, त्यामुळे या मुद्द्यावर डॉयलना हसताना जरा बेतानंच हसलेलं बरं.

मग एवढा मोठा तर्कपंडित घसरला कुठं? होम्सची पद्धत वगळण्याची. जे घडूच शकत नाही ते एकेक करून खोडायचं. शेवटी उरेल ते उत्तर. पद्धत छान आहे. अडचण एवढीच की खोडायची यादी कोणी बनवायची? डॉयलच्या यादीत निष्णात फोटोग्राफर होते, दोनदा उमटवलेल्या काचा होत्या, लंडनच्या स्टुडिओतले पडदे होते. ते सगळे त्यांनी प्रामाणिकपणे तपासून खोडले. ‘दोन पोरी आणि एक कात्री’ ही नोंद यादीत नव्हतीच, मग खोडणार काय? कारागिराच्या घरातल्या, खेड्यातल्या मुली. त्यांना असली करामत कुठली यायला, असा त्या काळच्या साहेबी मनाचा सरळ हिशेब. एल्सी तेराव्या वर्षापासून ब्रॅडफर्डच्या कलाशाळेत जात होती आणि फोटोग्राफरच्या दुकानात तिनं काम केलं होतं, ही माहिती उघड पडलेली होती. एल्सीच्या वडिलांना तर शेवटपर्यंत कोडं पडलं की वर्गात तळाला असणारी आमची पोरगी आणि तिनं कॉनन डॉयलना गुंडाळावं कसं? हुशार माणसाच्या यादीत सगळं असतं. आपल्यापेक्षा कमी शिकलेला माणूस आपल्याला फसवतोय, ही एक ओळ तेवढी राहून जाते.

डॉयलनी तरुणपणी फोटोग्राफीच्या मासिकात लेख लिहिले होते, हेही सांगायला हवं. आणि त्यांचे काका रिचर्ड डॉयल पऱ्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होते. वडीलही पऱ्या रंगवत, शेवटची कित्येक वर्षं वेड्यांच्या इस्पितळात बसून रंगवत. म्हणजे पऱ्यांशी त्यांचा घरोबा होताच.

दुःखामुळे डॉयल परलोकाच्या नादी लागले, असं नेहमी सांगतात. मुलगा किंग्जली १९१८ च्या ऑक्टोबरात गेला, भाऊ पुढच्या फेब्रुवारीत. ऐकायला पटतं. पण तारखा जुळत नाहीत. डॉयलनी आपला विश्वास १९१६ मध्येच जाहीर केला होता आणि या विषयातली त्यांची ऊठबस १८८७ पासूनची. दुःखानं या विश्वासाला धार आली एवढंच. लोकांना मात्र कारण हवं असतं, आणि ते हृदयद्रावक असलं तर त्यांना तारखा तपासवत नाहीत. चिकित्सक लोकही याला अपवाद नाहीत.

परत हूडिनीकडे. हूडिनी आणि डॉयल यांची खरोखर दोस्ती होती. एकदा म्हणे हूडिनीनं, आपल्याकडे मामा भाच्यांना दाखवतात ती अंगठा तोडून परत जोडायची करामत केली, तर डॉयलबाई जवळजवळ भोवळ येऊन पडल्या. असल्या प्रेक्षकांपुढे जादूगारानं जपूनच राहायला हवं. १९२२ च्या जूनमध्ये डॉयलनी मात्र परतफेड केली. न्यूयॉर्कला जादूगारांच्या मेजवानीत त्यांनी काही न सांगता एक चित्रफीत दाखवली. पडद्यावर डायनोसॉर चरत होते, भांडत होते. हे खरं की खोटं, यावर डॉयलनी तोंड उघडलं नाही. एक दालन भरून फसवणुकीचे व्यावसायिक, आणि सगळे तोंडात बोट घालून बसलेले! दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पहिल्या पानावर बातमी दिली. मग डॉयलनी हूडिनीला पत्र लिहून उलगडा केला: ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या त्यांच्या कादंबरीवर निघणाऱ्या सिनेमासाठी विलिस ओब्रायन यांनी बनवलेल्या बाहुल्या होत्या त्या. म्हणजे पडद्यावर हलतंय ते खोटं असू शकतं, हे डॉयलना पक्कं ठाऊक होतं. काचेवर स्थिर उभं आहे त्याबद्दल मात्र शंका नव्हती.

त्याच महिन्यात अटलांटिक सिटीला दोन्ही कुटुंबं एकत्र होती. डॉयलबाईंच्या हातून आत्मे लिहीत असत. त्यांनी हूडिनीच्या दिवंगत आईला बोलावलं. हूडिनीचा आईवर विलक्षण जीव. डॉयलबाईंची पेन्सिल धावत सुटली आणि पंधरा पानं मजकूर झाला. हूडिनीनं वाचला. वर क्रूस काढलेला. आई तर ज्यू धर्मगुरूची बायको. मजकूर अस्खलित इंग्रजीत. आईचं इंग्रजी यथातथाच. आणि तो दिवस आईच्या वाढदिवसाचा. मजकुरात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. डॉयलकडे उत्तरं होती. क्रूस बाई नेहमीच काढतात. परलोकात गेल्यावर भाषेचा अडसर राहत नाही. स्वर्गात फुकट इंग्रजी शिकवतात, हे आपल्याकडच्या पालकांना वेळीच कळलं असतं तर शाळांच्या फिया तरी वाचल्या असत्या.

नंतर हूडिनीनं स्वतः पेन्सिल हातात घेतली आणि सहज एक नाव लिहिलं: पॉवेल. डॉयल ताडकन उभे राहिले. त्यांचे मित्र एलिस पॉवेल नुकतेच वारले होते! हूडिनीनं सांगितलं, माझ्या डोक्यात माझा जादूगार मित्र पॉवेल होता, तो जिवंत आहे. डॉयलना ते अर्थातच पटलं नाही. हूडिनीच्या डोक्यात काय होतं हे हूडिनीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

कबुलीजबाबानंही काही होत नाही, हा तर या क्षेत्राचा पायाच आहे. परलोकाशी बोलण्याच्या सगळ्या चळवळीची सुरुवात १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींपासून झाली. त्यांच्या घरी आत्मे टकटक करत. चाळीस वर्षांनी मार्गारेट फॉक्सनं भर सभागृहात पायातला बूट काढला आणि अंगठ्याचा सांधा मोडून ती टकटक काढून दाखवली. भक्तांनी ठरवलं, बाईला दारूचं व्यसन आहे, पैशासाठी खोटं बोलते. पुढच्या वर्षी तिनं कबुली मागे घेतली, तेव्हा मात्र ती खरं बोलत होती.

हे सगळं परदेशात घडलं म्हणून आपण पाय पसरून बसायचं कारण नाही. ज्या थिऑसॉफिकल सोसायटीमुळे पऱ्या प्रसिद्ध झाल्या तिचं ठाणं अड्यारला जाण्याआधी काही वर्षं मुंबईत होतं. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये बोटीतून उतरले आणि गिरगावात बिऱ्हाड करून राहिले. पुढच्याच वर्षी सिमल्याला ह्यूम साहेबांच्या पत्नीचा हरवलेला ब्रोच मादामनं फुलांच्या वाफ्यातून ‘काढून’ दिला. ह्यूम म्हणजे मुरलेले सनदी अधिकारी, पक्ष्यांचे जाणकार आणि पुढे काँग्रेसच्या स्थापनेतले पुढारी. त्यांनी त्या घटनेला साक्षीदार म्हणून सही दिली.

नंतर वि. द. ऋषी यांनी मुंबईतून परलोकविद्येचा प्रसार केला आणि प्लँचेट मराठी मध्यमवर्गाच्या माजघरात आलं. उपडी वाटी, कागदावर मुळाक्षरं, उदबत्ती, आणि भोवती बी.ए., एल्‌एल. बी. झालेली मंडळी.

“कोण आलंय?”

“टि… ळ…”

“लोकमान्य! अहो विचारा लवकर, बंडूला गणितात किती पडतील?”

“वाटी तूच ढकलतोयस.”

“मी? शपथ घे! माझं बोट नुसतं टेकलंय.”

बोट नुसतंच टेकलेलं असतं हे खरं आहे आणि वाटी बोटच ढकलतं हेही खरं आहे. मायकेल फॅरेडेनं १८५३ मध्ये फिरत्या टेबलांवर हाच प्रयोग केला. टेबल आणि हात यांच्यामध्ये त्यानं सरकते थर घातले, हात ढकलतो की टेबल ओढतं ते दाखवणारा काटा बसवला. हात ढकलत होते, लोकांना पत्ता नव्हता. काटा दिसू लागला की टेबल थांबे. प्रयोग इतका निर्णायक होता की त्यानंतर पाऊणशे वर्षं टेबलं जोमात फिरत राहिली.

तसाच आपल्याकडचा पुण्याचा प्रयोग. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिष शिकून मग त्याची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या: शंभर हुशार, शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका, आणि सांगायचं एवढंच की मूल कोणत्या गटातलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत अव्वल ज्योतिष्याची चोवीस बरोबर आली, सरासरी वीसच्याही खाली. एका संस्थेनं सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यातल्या एकशे दोन जुळल्या. नाणं उडवलं असतं तर दक्षिणा वाचली असती. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. त्या वर्षीच्या मुहूर्तांवर मंगल कार्यालयं नेहमीसारखीच भरली, आणि वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर एम.टेक.च्या शेजारी नाडी आणि गण यांचे रकाने आजही आहेत. “आमचा विश्वास नाही हो, पण मुलीकडचे विचारतात.” मुलीकडच्यांना विचारलं तर मुलाकडचे विचारतात.

अंतराळात यानं धाडणाऱ्यांची कथा वेगळी नाही. इस्रोचं पीएसएलव्ही सी-१२ गेलं आणि त्यानंतर सी-१४ गेलं. मधला आकडा कुठं गेला हे कोणी विचारायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत सहा चांद्रयानं एकापाठोपाठ फसली. १९६४ मध्ये सातव्या वेळी कोणीतरी नियंत्रणकक्षात शेंगदाणे वाटले आणि यान यशस्वी झालं. तेव्हापासून मंगळावर उतरायचं असलं तरी आधी शेंगदाणे. हे लोक कक्षेचं गणित दशांशाच्या कितव्यातरी स्थळापर्यंत करतात. शेंगदाण्याचं गणित करत नाहीत, खातात.

आणि हूडिनी? चिकित्सकांचा हा मेरुमणी तरी धुतल्या तांदळासारखा होता का? ‘सायंटिफिक अमेरिकन’नं खऱ्या माध्यमाला अडीच हजार डॉलरचं बक्षीस लावलं. १९२४ मध्ये बोस्टनच्या एका सर्जनची बायको, ‘मार्जरी’, ते जिंकायच्या बेतात होती. परीक्षक मंडळात हूडिनी. बाईनं हातपाय हलवू नयेत म्हणून त्यानं खास लाकडी पेटी बनवली. बाहेर फक्त डोकं आणि हात. बैठक झाल्यावर पेटीत घडीची मोजपट्टी सापडली. हूडिनी म्हणाला, घंटा वाजवायला बाईनं आणली. बाईच्या बाजूचे म्हणाले, बाईला बदनाम करायला हूडिनीनं ठेवली. दोघांचंही म्हणणं तर्काला धरून होतं. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. कुलपं उघडणाऱ्या माणसाला पेटीचं झाकण बंद ठेवता आलं नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

डॉयलच्या घरी तोपर्यंत कायमचा पाहुणा आला होता. फिनियस हे त्याचं नाव, हजारो वर्षांपूर्वीचा ऊर शहरचा अरब. डॉयलबाईंच्या मुखातून तो बोलत असे, आणि प्रवास कधी करावा, घर कोणतं घ्यावं यावर सल्ला देत असे. डॉयलबाईंना जे घर पसंत असे तेच नेमकं फिनियसलाही पसंत पडे. १९२७ मध्ये त्याची वचनं डॉयलनी पुस्तकरूपात आणली. मात्र त्याआधीच एक अडचण झाली होती. १९२५ च्या सुमारास जगावर प्रलयंकारी संकट येणार, असं फिनियस बजावून सांगत होता. डॉयलनी सगळं वहीत टिपून ठेवलं. ते साल आलं, गेलं. डॉयलनी वेस्टमिन्स्टरला परलोकविषयक पुस्तकांचं दुकान काढलं, ते तोट्यात चाललं. एवढं सोडलं तर जगावर काही संकट आलं नाही.

वही समोर होती, तारखा समोर होत्या, डोळे तेच होते. १९०७ मध्ये एका वर्तमानपत्राच्या कोनावरून निरपराध माणूस ओळखणारे डॉयल शेवटी, अगदी शेवटी, शंकेला लागले. आणि त्यांनी निष्कर्ष काढला: पलीकडचे आत्मे आपली सगळ्या मानवजातीचीच थट्टा तर करत नसतील? संशयितांच्या यादीत परलोकातले समस्त रहिवासी आले, फिनियस आला, अख्खा ऊर आला. दिवाणखान्यात पेन्सिल घेऊन बसलेली व्यक्ती तेवढी आली नाही. आणि संसाराला तेवीस वर्षं झालेला कोणता नवरा ते नाव लिहायला धजावला असता?